पांढरा धूर

दुष्काळाच्या त्या साली, पौषातल्या एका पहाटे, दूध संघाची जुनी डिझेल जीप काही केल्या चालू होईना. तांबडं फुटलं होतं. मागच्या बाकावर सत्यभामा गोधडीत कण्हत पडली होती. पोटातलं मूल आडवं आलं होतं आणि सुईण मुक्ताबाईनं हात टेकले होते. "धाराशिवच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता," एवढंच ती म्हणाली. तेर गावापासून आत असलेल्या त्या वस्तीवर दुसरं वाहनच नव्हतं.

ड्रायव्हर मच्छिंद्रनं सेल मारला. इंजिन नुसतंच गरगरलं. तो मागं जाऊन सायलेन्सर बघून आला.

"धूरच न्हाय. डिझेल पोचंना. लायनीत हवा शिरलीय."

फिल्टरचा नट सैल करून तो हातपंप मारत राहिला. आधी नुसता फेस आला, मग निखळ डिझेल. नट आवळून त्यानं पुन्हा सेल मारला. आता भसाभसा पांढरा धूर निघाला, पण इंजिन पेट घेईना.

"आता काय झालं?" सत्यभामेचा नवरा श्रीपती ओरडला.

"डिझेल जातंय, पर गारठ्यानं पेटंना. आतला हीटर जळालाय." बॅटरीही बसत चालली होती. "गरम पाणी पायजे. लई पायजे."

टँकर परवापासून फिरकला नव्हता. श्रीपतीची आई मथुराबाई आत गेली आणि घरातली एकुलती घागर तिनं चुलीवरच्या हंड्यात रिकामी केली. शेजारच्या हरणाबाईनं आपली कळशी आणून ओतली.

"पोरं काय पितील गं?" तिची जाऊ म्हणाली.

"बघू दुपारचं दुपारी."

पाणी उकळलं तसा श्रीपती हंडा घेऊन धावला.

"थेट वतू नगा, लोखंड तडकंल!" मच्छिंद्रनं उकळत्या पाण्यात पोती बुडवली आणि इंजिनाला गुंडाळली. त्याची बोटं भाजली. बाकावरचं कण्हणं थांबलं होतं. मुक्ताबाई सत्यभामेच्या गालावर चापट्या मारत होती.

"जीप उताराला लावा!" स्टिअरिंगवर बसत मच्छिंद्र ओरडला.

अख्खी वस्ती जीपला भिडली. मच्छिंद्रनं क्लच सोडला. जीप हिसका देऊन गप्प झाली. पुढं उतार संपत होता, मग नुसती नदीची वाळू. श्रीपती तोंडावर आपटला, उठला, पुन्हा भिडला.

"जोर लावा रं! लावा!" तो ओरडला.

दुसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. मागं काळा धूर सुटला. श्रीपतीनं पळतच आत उडी मारून बायकोचं डोकं मांडीवर घेतलं.

धाराशिवला डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं. मच्छिंद्र बाहेर जीपमध्ये बसून राहिला. इंजिन बंद करायची त्याची छाती झाली नाही.

ऊन वर आल्यावर श्रीपती बाहेर आला.

"ती वाचली," तो म्हणाला. "लेक व्हती. ती न्हाय."

मच्छिंद्रनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि इंजिन बंद केलं.