दुसरा दोर

कथबर्ट मेल्व्हिलचं माझ्याशी काहीही वाकडं नव्हतं, हेच माझं खरं दुखणं. भांडकुदळ व्याही मिळाला असता तर मी त्याला पुरून उरलो असतो. ऊसतोडीत एकतीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, भांडायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको. पण हा माणूस सदा हसतमुख. मला 'सूक' म्हणतो. माझं नाव सुकराज. माझ्या बापाने मला कधी सूक म्हटलं नाही, बायकोने म्हटलं नाही, आणि हा बाबा लग्नाच्या दिवशी पाठीवर थाप मारून म्हणाला, "सूक, आता आपण एकाच घरचे."

त्याची मुलगी मकेडा म्हणजे माझ्या दरेशची बायको. त्या दोघांची एकुलती एक मुलगी तालिया, सात वर्षांची. मला ती आजा म्हणते, त्याला पापा. ती चार वर्षांची झाल्यापासून जुलै-ऑगस्टची सगळी सुटी आमच्याकडे, त्रिनिदादच्या बॅरकपोर गावात काढते. सकाळी माझ्याबरोबर बदकांना दाणे टाकते, दुपारी आंब्याखाली माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपते. वर्षाचे दहा महिने मी या दोन महिन्यांची वाट बघण्यात घालवतो. बाकी मला काम तरी काय उरलंय?

तर यंदा मे महिन्यात मकेडाचा फोन आला. म्हणाली, "पा, या सुटीत तालियाला टोबॅगो बेटावर माझ्या बाबांकडे पाठवावं म्हणतेय. तिला समुद्राची ओळख व्हायला हवी." "आणि बदकं?" एवढंच मी विचारलं, तेव्हा दरेशने फोन घेतला आणि तोडगा काढला. कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाची गुरुवारची सुटी, शुक्रवारी रजा, पुढे शनिवार-रविवार. दोन्ही घरांनी मिळून चार दिवस टोबॅगोत, कथबर्टच्या गावी कस्टाराला राहायचं आणि रविवारी बोट पकडण्याआधी तालियालाच विचारायचं, सुटी कुणाकडे?

"चार दिवस नुसता आराम कर, पा," तो म्हणाला. मी निवडणुकीला उभा राहिल्यासारखा तयारीला लागलो.

अंगणातल्या झाडाचे ज्युली आंबे मी एकेक हाताने उतरवले, कागदात गुंडाळून खोक्यात भरले. बोटीवर ते खोकं माझ्या पायाशी आणि तालिया माझ्या मांडीवर. साडेतीन तास मला वाटत होतं, जिंकलो. मग धक्का दिसला. धक्क्यावर कथबर्ट उभा होता, पिवळा शर्ट घालून, दोन्ही हात वर करून. तालिया मांडीवरून अशी उडाली की खोकं कलंडलं.

आंबे त्याला आवडले. तीन खाल्ले, चौथा हातात घेऊन म्हणाला की असा आंबा त्याने जन्मात चाखला नाही. त्याने नाक मुरडलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

आमचं उतरायचं घर खाडीच्या वर, पन्नासेक पायऱ्या चढून. खाली वाळू, होड्या, आणि त्याचं गाव. गाव त्याचंच म्हणायला हवं, कारण पाव आणायला गेलं तरी कुणीतरी त्याच्याबद्दल दोन गोड शब्द सांगतं. दरेश झोपाळ्यात पडला तो जेवणापुरता उठला. माझी बायको दुलारी झग्यासकट कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसली आणि तासन् तास तिथेच बसून राहिली. चेहऱ्यावर असं समाधान की जणू तिथेच जन्मली. सगळ्यांना आराम मिळाला. मी तेवढा ओसरीवर बसून पहारा करत होतो.

पहिल्याच संध्याकाळी कथबर्टने तालियाला पाण्यावर तरंगायला शिकवलं. तळहातावर तिची पाठ धरली, काहीतरी पुटपुटला आणि हात काढून घेतला. पोर पाण्यावर पडून राहिली, आभाळाकडे बघत. घोट्याएवढ्या पाण्यात माझं बोट न सोडणारी पोर! मला पोहता येत नाही. आमच्याकडे समुद्र म्हणजे वर्षातून एकदा, पेलाव-भाताचं पातेलं घेऊन जायचं, गुडघाभर भिजायचं, खायचं, घरी यायचं. तिच्या बापाला लहानपणी मी पोहायला शिकवलं नाही ते त्याचमुळे. आता वरून बघताना माझ्या पोटात जी आग पडली, ती मी लपवणार नाही.

शुक्रवारी कथबर्टने स्वतः खेकडे रांधले, नारळाच्या रश्श्यात, पिठाचे जाड गोळे घालून. सगळं घर बोटं चाटत होतं. मी पान बाजूला सारलं, म्हटलं पोट बरं नाही.

दुलारी सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटात काय दुखतंय ते मला ठाऊक आहे. त्याला औषध नाही."

"तू खा ना मुकाट्याने."

"मी खातेच आहे. तू बस कच्चं कारलं चावल्यासारखं तोंड करून."

सगळे हसले. कथबर्टने माझ्यासाठी एक वाडगा झाकून ठेवला. तालिया मात्र हसली नाही. ती माझ्या रिकाम्या पानाकडे बघत होती, आणि मला, खरं सांगायचं तर, त्याचं बरं वाटलं. आपल्याकडे लक्ष आहे म्हटलं पोरीचं.

शनिवारी सकाळी गावात शंख वाजला. टेकडीवर बसणाऱ्या माणसाला खाडीत मासळीचा थवा दिसला होता. म्हणजे रापण ओढायची. होडी जाळं टाकत खाडीला वळसा घालते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर येतात, आणि ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने कुठलाही दोर धरावा. विचारावं लागत नाही. ज्याने ओढलं त्याला वाटा, मग तो गावचा असो की कालच बोटीतून उतरलेला. हा तिथला जुना कायदा.

कथबर्टचा दोर डावीकडचा. चाळीस वर्षं तो त्याच दोरावर. तालिया पळत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने त्याच्या हातांच्या मधोमध आपले हात ठेवले. मी उजव्या दोराकडे गेलो.

तिथे बहुतेक माझ्यासारखेच उपरे होते. मध्य त्रिनिदादचं एक जोडपं, एक उंच जर्मन बाई, शाळेतल्या दोन मास्तरणी, आणि त्यांच्यात गावचे चार जण. रापणीचा तांडेल, सायमन नावाचा सुकडा म्हातारा, मधे पाण्यात उभा राहून दोन्हीकडे हाताने खुणा करत होता. कथबर्टने पलीकडून मला हाक मारली, "सूक, जोर लावू नको. दोन्ही दोर बरोबरीने आले पाहिजेत. आमची चाल बघ आणि ओढ."

मला शिकवतोय! सुरुवातीला मी त्यांच्या चालीने ओढलं. चार पावलं मागे, थांबा. चार पावलं, थांबा. पण मान सारखी डावीकडे वळत होती. तालिया त्याच्याबरोबर मागे सरकायची, तो काहीतरी बोलायचा, ती खिदळायची. माझ्याबरोबर जर्मन बाई होती.

मग मी जोर लावला. दोर मुठीत पक्का बसला, पाय वाळूत रुतले, आणि एकतीस वर्षं उसाच्या मोळ्या उचललेली पाठ जागी झाली. म्हातारा झालो तरी ती पाठ आहे. "चला, हाणा," मी माझ्या लोकांना म्हटलं, "त्यांच्याआधी आणू." मास्तरणींना मजा वाटली. जर्मन बाईने बाह्या सारल्या. गावचे चौघे काहीतरी ओरडले, मी ऐकलं नाही. आमचा दोर वाळूवर भराभर साठायला लागला.

तेवढ्यात तालियाचा आवाज आला. "आजा जिंकतोय! पापा, बघ, आजा जिंकतोय!"

दोन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे अशी बघत होती. डोळे मोठे, तोंड उघडं. दोर सोडून ती वाळूवर उड्या मारत होती, माझ्यासाठी. आता देवाने येऊन थांब म्हटलं असतं तरी मी थांबलो नसतो. सायमन दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय.

एक बाजू पुढे आली की जाळं तिरकं होतं, आणि तिरकं झालं की जाळ्याचा शिसं लावलेला तळचा दोर वाळूवरून उचलला जातो आणि खालून मासळी निसटते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की किनाऱ्यापासून वीस हातांवर पाणी पांढरं झालं, तव्यावर तेल तडतडावं तसं उसळलं, आणि मग एकदम निवलं. दोर माझ्या हातात हलका झाला.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मी उलट दिली असती. सायमन पाण्यातून बाहेर आला, टोपी काढून पिळली, परत घातली. एका बाईने आणलेल्या तीन रिकाम्या बादल्या एकमेकींत घातल्या. गाव सकाळपासून या थव्याच्या भरवशावर होतं, आणि जाळ्यात उरली होती जेमतेम दीड टोपली.

तरी वाटे पडले. सायमनने ओढणाऱ्या प्रत्येकाच्या पायाशी मासे ठेवले, कुणाला दोन, कुणाला एक. माझ्या पायाशीही ठेवला. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "ओढलंत ना? मग तुमचा आहे." कथबर्टने सायमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "चूक माझी, व्याह्याला मी नीट समजावलं नाही." हा माणूस मला माझी चूकसुद्धा माझ्याजवळ ठेवू देईना.

पायऱ्या चढताना दुलारी माझ्या मागे होती. पन्नास पायऱ्यांत तिने एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मला प्रकरण किती थराला गेलंय ते समजलं.

दुपारी ते मासे तळले. मी जेवणार नव्हतो, पण बळेच ताटावर बसलो. कथबर्टच तेवढा त्याच्या तरुणपणी त्याने बुडवलेल्या होडीची गोष्ट सांगत होता, सरळसरळ माझ्यासाठी. मकेडा त्याला मधेच थांबवून म्हणाली, "तालिया काहीतरी सांगतेय."

तालियाने घास संपवला, हात पुसले. "मी ठरवलं. मी सुटीत आजाकडे जाणार."

मी पाण्याचा पेला घट्ट धरला. सगळं झाल्यावरही! एवढा तमाशा करूनही! मी कथबर्टकडे बघितलं. बघायलाच हवं होतं मला त्याचं तोंड. तो हसला, जरा कमी, पण हसलाच. म्हणाला, "छान. आजाच्या आंब्यांची काळजी घे."

दरेशने सहज विचारलं, "आणि पापाकडे का नाही गं? तरंगायला तर केवढं आवडलं होतं तुला."

"पापाकडे नाही गेले तरी पापा हसतोच," ती म्हणाली. मग तिने माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावला. "आजाकडे नाही गेले तर आजा जेवत नाही."

एवढंच बोलली. तक्रार नव्हती त्यात. पाऊस पडला की कपडे आत घ्यावे लागतात, इतक्या साधेपणाने बोलली.

दुलारीने मान खाली घातली. माझ्या ताटात अर्धा मासा होता. तो मी संपवला. सगळा संपवला, शेपटीपर्यंत, कारण पोर बघत होती.

जेवणं झाल्यावर कथबर्ट खाली होड्यांकडे गेला. मी ओसरीच्या वरच्या पायरीवर बसलो आणि तालियाला बोलावलं. माझ्या बाजूला बसून ती पायाच्या बोटांनी वाळू झाडू लागली. मला तिला सांगायचं होतं की बदकांना पिल्लं झालीत, सात. सांगायचं होतं की आंब्याखाली दुसरी दोरीची खाट टाकलीय, तिच्या मापाची. ते सगळं जिभेवर होतं.

"तालिया, यंदा तू पापाकडे राहा," मी म्हटलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, ताप आहे का ते बघावं तसं. "मग तू जेवशील?"

"जेवेन."

"रोज?"

"रोज. आजीला फोन करून विचार."

आता ती म्हणेल, मी मनाशी धरून बसलो होतो. म्हणेल, नको आजा, मी येते. निदान म्हणेल, एक महिना तुझ्याकडे, एक पापाकडे. एकदा तरी म्हणेल. मी लगेच हो म्हणणार नव्हतो, जरा आढेवेढे घेणार होतो.

पण मी मान वर केली तेव्हा ती दहा पायऱ्या खाली पोचली होती, आणि "पापा, पापा" म्हणून ओरडत होती.