ताटात लिहिलेलं नाव

जवळा बाजारच्या पलीकडं चार-पाच किलोमीटरवर एक गाव आहे. गावाचा फेसबुकवर ग्रुप आहे आणि तो उपसरपंच संतराम आबांच्या हातात. सोयाबीनचा भाव, वाढदिवस, कुणाची हरवलेली म्हैस, असंच त्यात काहीबाही यायचं.

एका सोमवारी 'मथुरा' नावाच्या खात्यावरून चार फोटो आले. खालच्या गल्लीतले चार नवे नळ, चारही कोरडे. खाली लिहिलं होतं, "तोट्या बसवून आठ महिने झाले. पाणी एक दिवस आलं न्हाई. कागदावर योजना पूर्ण." दुपारपर्यंत पन्नास जणांनी 'बराबर' असं लिहिलं, त्यात 'तहानलेला' आणि 'गल्ली नंबर चार' अशी दोन टोपणनावाची खातीही होती.

आबांनी नळ बघितले नाहीत, मथुरा शोधायला लागले. गावात त्या नावाची एकच म्हातारी होती, तीही सहा वर्षांपूर्वी वारलेली. "नाव लपवून दगड मारून राहिलेत," आबा म्हणाले आणि त्यांनी नियम काढला. ग्रुपमध्ये आधारवरचंच नाव पाहिजे. रविवारी पंचायतीसमोर बैठक.

खालच्या गल्लीत संतोष सुताराची बायको रीता शिवणकाम करायची. रविवारी तिनं मशीन झाकून ठेवलं आणि नवऱ्याच्या मागोमाग निघाली.

"तू काहून येतीस?" संतोषनं विचारलं.

"काम हाय."

बैठकीत आबा म्हणाले, "ज्यानं लिहिलं त्यानं समोर यावं. खऱ्या नावानं बोलायला हिंमत लागती."

रीता उठली. "मी लिहिलं."

"सूनबाई, तू? मग खोट्या नावानं काहून?"

"खोटं न्हाई, आबा." तिनं पिशवीतून शाळेचा दाखला काढला. "वाचा. मथुरा. वसमतला अठरा वर्षं मला सगळे ह्याच नावानं हाक मारायचे. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं रीता लिहिलं. मथुरा म्हातारीचं नाव वाटतं म्हणाले. मला कुणी इचारलं न्हाई. पुढं आधारवर बी तेच आलं. आता तुमी सांगा, खरं कोणतं?"

संतोष खाली मान घालून बसला होता. बायकांमधून नानीबाई म्हणाली, "माझं तर मलाच आठवत न्हाई गं बाई." बायका हसल्या, पण हसू लवकरच थांबलं.

"आधारवरचं तेच खरं," आबा म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. आन् ते दुसरे दोघं, 'तहानलेला' आन् 'गल्ली नंबर चार', ते कोण? तुला माहीत असंल."

तिला दोघंही माहीत होते. त्यातला एक पंचायतीच्याच पगारावर होता.

"माहीत हाय. सांगणार न्हाई. त्यांच्या पोटाचा सवाल हाय." ती बसली नाही. "नळ कोरडा हाय का न्हाई, हे बघायला नाव कशाला लागतं? चला, आत्ता तोटी फिरवा. नाव कुणाचं बी असू द्या."

मग सायकल दुकानवाले नासेरभाई उठले. "चला आबा, बघून तर येऊ."

मग सगळेच उठले. आबांनाही जावं लागलं. नासेरभाईंनी चारही तोट्या फिरवल्या. एका तोटीतून गंजाचं पाणी ठिबकलं, बाकीच्यांतून तेवढंही नाही.

तरीही आबांनी संध्याकाळी तिला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःचा नवा ग्रुप सुरू केला. नियम एकच लिहिला, "गावाबद्दल खरं लिहा. नाव तुमच्या मर्जीचं." दिवसभरात चाळीस जण आले. निम्म्यांची नावं तिनं कधी ऐकलीही नव्हती, आणि तिनं कुणाला विचारलं नाही. तीन आठवड्यांनी पाइप जोडला गेला. दोन नळांना पाणी आलं, दोन अजून कोरडेच आहेत. आबा तिच्याशी बोलत नाहीत.

संतोषही आठ दिवस नीट बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "सगळ्यांसमोर माझं काढलंस."

"घडलं तेच सांगितलं."

"आता घरात काय म्हणू तुला?"

"तुमी ठरवा. मी ओ मथुरालाच देणार."

दुसऱ्या दिवशी त्यानं सवयीनं दोनदा "रीता" अशी हाक मारली. ती आतच बसून राहिली. तिसऱ्यांदा तो अंगणातूनच जरा अडखळत म्हणाला, "मथुरा..."

"आले," ती म्हणाली.