भरून आलेली जखम

जावयाने डबी उघडली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आत त्यांचाच अमोनाइट होता, आरशासारखा लखलखीत.

"आई, तुमच्या वाढदिवसाचं सरप्राइज! कपाटातून गुपचूप नेला आणि आमच्या फरशीच्या कारखान्यात पॉलिश करून आणला. वरचं खडबडीत सगळं गेलं. आतून पानांसारखी नक्षी बघा कशी निघालीय!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, त्यांचं काय जातंय?

अहो, ते खडबडीतच तर सगळं होतं! अमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा, ऑक्टोपसच्या भाऊबंदांतला जीव. गुंडाळलेल्या शंखाच्या शेवटच्या खोलीत राहायचा; तो शंखच पुढे दगड झाला. एकदा कुणीतरी, बहुधा खेकड्याने, याच्या शंखाची कड कडकन फोडली. पण गडी मेला नाही. त्याने नवं कवच घडवून भगदाड बुजवलं, आणि तिथून पुढे शंखावरच्या रेघा वाकड्या उमटत गेल्या. दाढा कोरायच्या जुन्या सुईने दगड खरवडून बाईंनी त्या एकेक करून मोकळ्या केल्या होत्या. अख्ख्या कपाटात अशी खूण या एकाच शंखावर होती. सोमवारी संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाई मुद्दाम तीच बघायला येणार होत्या.

आता त्यांना काय दाखवायचं, कपाळ?

"विचारायचं तरी होतंत," त्या कशाबशा म्हणाल्या.

"त्यात काय विचारायचं, आई? किती वेडावाकडा दिसत होता!"

मुलीने नवऱ्याला टेबलाखालून लाथ मारली. पण पाहुणे नवे होते, म्हणजे त्याच्या भुवईवरच्या व्रणाची गोष्ट आलीच. जावई त्यांच्याकडे वळला. "हे बघा, मोटारसायकल थेट दरीत गेली होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली..."

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. "जावईबापू, तो व्रणही वेडावाकडाच दिसतो की! चला कारखान्यात, पॉलिश मारू."

जावयाचा हात आपसूक भुवईवर गेला. "काहीतरीच काय, आई! ही खूण आहे म्हणून तर लोकांना पटतं, मी वाचलो ते."

"मग?" बाईंनी तो गुळगुळीत दगड त्याच्या नाकासमोर धरला. "याचं आता कुणाला पटणार?"

बाईंनी जिथे ती जखम होती तिथून अंगठा फिरवला. हाताला काहीच लागलं नाही.

"खेकड्याच्या तावडीतून सुटलास रे बाबा," त्या दगडाला म्हणाल्या, "आणि सापडलास कुणाच्या, तर आमच्या जावयाच्या!"