चष्मा काढायचा नाही

नानांचा सुनेवर विश्वास नव्हता, आणि हे ते लपवतही नव्हते. तिने चहा पुढे केला तरी आधी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. माणूस खोटं बोलायला लागला की आधी तोंडावर दिसतं, असं त्यांचं ठाम मत. आता सूनही अगदी धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. सासू आजारी पडली तेव्हा हीच म्हणाली होती, "काही नाही नाना, जरा अशक्तपणा आहे." शेवटच्या संध्याकाळीही हीच म्हणाली, "तुम्ही थिएटरवर जा, आई बऱ्या आहेत." नाना गेले, सिनेमाचा खेळ लावला, आणि घरी आले तेव्हा बायको नव्हती. मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

अशा घरात ग्रहण येऊन ठेपलं. कंकणाकृती, भर दुपारचं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने ग्रहण बघायचे दोन काळे चष्मे आणले आणि बजावलं, "नाना, शेवटपर्यंत चष्मा काढायचा नाही. क्षणभरसुद्धा नाही."

"मला नको शिकवूस! खग्रास बघितलंय मी, तुझ्या सासूबरोबर. मधोमध चष्मा काढायचाच असतो. दिवसाढवळ्या अंधार होतो, सूर्याभोवती पांढरी प्रभा दिसते. तेच तर बघायचं असतं!"

मरायच्या आधी तेवढं पुन्हा एकदा बघायचं होतं त्यांना. पण त्यांचा एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सगळा कारभार त्या एका डोळ्यावर. तो गेला की संपलं.

"ते खग्रास होतं," सून म्हणाली. "चंद्र कधी आपल्या जवळ असतो, कधी लांब. जवळ असला की सूर्याला पुरता झाकतो. या वेळी तो लांब आहे, म्हणून लहान दिसणार आणि सूर्याची कड भोवती उरणार. अंधार व्हायचाच नाही. आणि तेवढी कडही डोळा जाळायला पुष्कळ झाली."

इथे नानांनी तिला पकडलं. "लांब गेला म्हणून लहान? अगं, जन्मभर प्रोजेक्टर चालवलाय मी! मशीन पडद्यापासून लांब नेलं की चित्र मोठं होतं. म्हणे लहान!"

"नाना, ते पडद्यावर पडलेलं चित्र. हे आपण डोळ्यांनी थेट बघणार." तिने एका डबीचं झाकण त्यांच्या डोळ्यासमोर धरलं. भिंतीवरचा गोल दिवा दिसेनासा झाला. मग झाकण दिव्याकडे नेत गेली, तशी झाकणाभोवती उजेडाची गोल कड उमटली.

"झाकण तुझं, दिवा तुझा," नाना म्हणाले आणि उठून गेले.

ती कामावर गेल्यावर त्यांनी आपल्या दाढीच्या साबणाच्या डबीचं झाकण घेऊन बघितलं. तशीच कड. झालं, संशय आणखीच पक्का! इतकं बिनचूक जुळतंय म्हणजे बाईने तयारी केलेली दिसते. त्यांनी मनाशी ठरवलं, ऐन वेळी गुपचूप चष्मा काढायचा. काळ्या काचेतून हिला कुठे दिसणार आहे?

ग्रहणाच्या दिवशी मुलगा कामावर होता. गच्चीत दोघंच शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले. नानांनी चष्मा लावला आणि जग गडप झालं. उरला फक्त नारिंगी सूर्य. तो हळूहळू कुरतडला जात होता. हवा गार झाली. आता अंधार होणार! नानांचा हात चष्म्याच्या काडीकडे गेला.

"नाना, हात खाली."

ते दचकले. "तुला कसं दिसलं?"

"माझा चष्मा मांडीवर आहे. मी ग्रहण बघतच नाहीये. तुमच्याकडे बघतेय."

नानांचा हात खाली आला. वर चंद्र सूर्याच्या मधोमध येऊन बसला, भोवती झगझगीत कडं जुळलं. सूर्य काही पुरता झाकला गेला नाही. पोरगी खरं बोलली होती. नानांना आपलीच लाज वाटली, आणि इतके दिवस मनात साठलेलं बाहेर पडलं.

"मग त्या दिवशी मला थिएटरवर का पाठवलंस?"

सून म्हणाली, "आईंनीच सांगितलं. म्हणाल्या, 'ह्यांना कुठेतरी पाठव गं. इथे बसले तर सारखे माझं तोंड न्याहाळत राहतील, मला धड मरूही द्यायचे नाहीत.'"

नानांना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. हुबेहूब तिचंच बोलणं. पण सुनेने हे आत्ता रचून सांगितलं असेल तर? तिचं तोंड एकदा बघितलं की कळलं असतं. त्यासाठी फक्त मान वळवून चष्मा काढायचा होता.

नानांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"तूही लाव तुझा चष्मा," ते म्हणाले. "संपायच्या आत बघून घे. मी नाही काढत."