अकराव्या पानावर काय होते

मित्रांनो, माझ्या पुढच्या काचेवर विक्रीची पाटी लावली आहे, म्हणून मला आता कोणी घर म्हणत नाही. पण मी घरच आहे. चाकांवरची एक म्हातारी घरगाडी. माझ्या पोटात दोन शेगड्यांचा ओटा, पलंग, दुमडते टेबल आणि पाण्याची टाकी आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी इंडियानातल्या एका कारखान्यात मला जोडले. पहिला मालक मला उन्हाळ्यात दोन आठवडे फिरवी आणि उरलेले वर्ष गवतात उभी करून ठेवी. माझे छप्पर गळू लागले. गादीत उंदरांनी बिऱ्हाड केले.

मग वर्लिन आणि ग्लेंडा स्टोकी आले. तो फ्रिज दुरुस्त करायचा, ती एका शाळेत स्वयंपाक करायची. साठी गाठण्याआधीच त्यांनी घर विकले आणि माझ्यात कायमचे राहायला आले. वर्लिनने माझे छप्पर स्वतःच्या हातांनी सांधले. दर वसंतात तो वर चढून एकेका सांध्यावरून बोट फिरवी. इतकी निगा त्याने स्वतःची कधी घेतली नाही.

माझ्या पुढच्या कप्प्यात ग्लेंडाची वही असे. रस्त्यावरच राहणारी बरीच माणसे अशी वही ठेवतात. किती मैल झाले, टायरात हवा किती, मुक्काम कुठे, जेवायला काय. ग्लेंडा एक दिवसही चुकली नाही, आणि तिने खोटे कधी लिहिले नाही.

कागदोपत्री आम्ही साउथ डकोटाचे. तिथल्या घरगाड्यांच्या तळावर एक रात्र झोपायचे आणि पावती दाखवायची, की झालात रहिवासी. टपालही तिथल्या पेटीत जमे आणि मागाहून आम्ही असू तिथे येई. प्रत्यक्षात आमचा सगळा हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात जाई.

त्या वाळवंटातल्या एका सकाळी दोघे माझ्या कडेला ताणलेल्या कापडी छताखाली टेबल मांडून बसले. वर्लिनच्या जुन्या नोकरीतून मिळालेला आरोग्यविमा संपला होता. म्हातारपणीचा सरकारी विमा पासष्टाव्या वर्षी मिळणार, त्याला अजून सहा वर्षे होती. टेबलावर तीन कागद होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड. पहिला पक्का विमा. तो महाग होता, आणि त्याचे सगळे डॉक्टर साउथ डकोटात. दुसरी योजना इस्पितळातल्या प्रत्येक दिवसामागे ठरलेली रक्कम देणार, मग खर्च कितीही होवो. तिसरी होती एक श्रद्धाळूंची मंडळी. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यायची आणि एकमेकांची दुखणी वाटून घ्यायची. ती सर्वांत स्वस्त होती, आणि कोणत्याही राज्यात चालणार होती.

शेजारच्या गाडीतली मॅव्हिस कॉफीचा कप घेऊन आली. तिने तीस वर्षे परिचारिकेचे काम केले होते.

"या मंडळीचं रंगीत पत्रक बाजूला ठेव," ती म्हणाली. "यांची पूर्ण नियमावली मागव आणि तिचं अकरावं पान वाच. हा विमा नाहीये, वर्लिन. त्यांनीच तसं लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात."

"मॅव्हिसबाई, मी आयुष्यात एकदाच इस्पितळात गेलोय. जन्माला यायला."

"दुसऱ्यांदा जाशील तेव्हा चालत जाणार नाहीस."

"ही मला मारूनच उठणार," वर्लिन हसत म्हणाला.

ग्लेंडा हसली नाही. "पक्काच घेऊ या ना. थोडं कमी फिरू."

"आणि ताप आला की दीड हजार मैल गाडी हाकू? ही माणसं चांगली आहेत गं. पत्राखाली आशीर्वाद लिहितात."

वर्लिनने मंडळीच्या कागदावर सही केली. नियमावली कोणी मागवली नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, न्यू मेक्सिकोत, भर सकाळी माझे मागचे चाक बदलताना वर्लिन खाली बसला तो उठला नाही. पाना हातातच होता. रुग्णवाहिकेने त्याला नेले आणि त्याचे हृदय उघडून नीट केले. तो वाचला.

इस्पितळाचे बिल पाठवल्यावर मंडळीने पत्राने विचारले, याआधी प्रकृती कशी होती, पुरावा पाठवा. डॉक्टरांचे कागद नव्हतेच, कारण हा कधी डॉक्टरकडे गेलाच नव्हता. तेव्हा ग्लेंडाने वहीच्या एकूण एक पानाचे फोटो काढून पाठवले. माणूस किती धडधाकट होता हे त्यांनाही दिसू दे, असे तिला वाटले.

त्यात सभासद होण्याच्या सहा महिने आधीची एक नोंद होती. 'घाट चढताना वर्लिनच्या छातीत जळजळ. कांदा जास्त झाला.'

तेवढी एक ओळ त्यांना पुरली. सभासद होण्याआधीच्या तीन वर्षांत जाणवलेले कोणतेही लक्षण, निदान झालेले असो वा नसो, जुना आजार धरले जाईल. हे त्या अकराव्या पानावर होते. नकाराचे पत्र आधी साउथ डकोटाच्या पेटीत जाऊन पडले. आमच्या हाती आले तेव्हा दाद मागायला चार दिवस उरले होते.

ग्लेंडाने माझ्या पायरीवर बसून फोन लावला.

"आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू," पलीकडचा आवाज म्हणाला.

"प्रार्थना माझी मी करते. तुम्ही दर महिन्याला पैसे कशाचे घेत होता, तेवढं सांगा."

चार दिवस सरले, नकार कायम राहिला.

मित्रांनो, त्याच आठवड्यात उडालेल्या खड्याने माझी काच तडकली. माझा विमा कायद्याने सक्तीचा, आणि वर्लिनने त्याला काचेचीही जोड घेतली होती. दोन दिवसांत माणूस आला, नवी काच बसवून गेला. या काचेला पूर्वी कधी जळजळ झाली होती का, असे त्याने विचारले नाही. मी लोखंडाची आहे, मला राग येऊ नये म्हणतात. मला येतो. माझ्या काचेची जेवढी सोय आहे तेवढी माझ्या धन्याच्या छातीची नव्हती, आणि माझ्याच कप्प्यातली खरी वही त्याच्याविरुद्ध वापरली गेली.

इस्पितळाचे बिल फेडायला मला विकायला काढले. जाताना वर्लिन सावकाश माझ्याभोवती फिरला. छपरावर चढायला त्याला आता मनाई होती, म्हणून त्याने नुसते वर पाहिले. दोघे ग्लेंडाच्या बहिणीच्या तळघरात राहतात.

काल एक तरुण जोडपे मला पाहायला आले. ती टेबलाशी बसली आणि पिशवीतून तेच रंगीत पत्रक काढले.

"हे बरं वाटतंय," ती म्हणाली. "स्वस्त आहे. कुठेही चालतं."

तो माझा पुढचा कप्पा उघडून पाहत होता. त्यात ग्लेंडाने ठेवलेली वही होती. त्याने शेवटची नोंद मोठ्याने वाचली. 'गाडी उत्तम आहे. छप्पर दर वसंतात तपासा. आणि तुमच्या हातात कोणी रंगीत पत्रक दिले असेल, तर सही करण्याआधी अकरावे पान वाचा.'

तिने पत्रक उलटसुलट केले.

"यात तर सहाच पानं आहेत."

"मग उरलेली माग," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. उरलेली पाने मागा. ती द्यायला कोणी आपणहून येत नाही.