पोर्टाचं माहेर

सुलक्षणाने फोन कान आणि खांद्याच्या मधे धरला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

"भटूभाऊ, वायरला हात लावू नका हं. चुकीची ओढलीत तर अख्ख्या देवपूरचं इंटरनेट बसेल."

"नही लावत, अक्का. पन आठे वायर लावाना दोन पोर्ट शेतस नि यादीमा दोन्हीस्नं नावच नही. काल त व्हतं!"

भटू धुळ्याच्या देवपूर भागात इंटरनेटच्या मशीनसमोर उभा होता आणि ती जळगावच्या ऑफिसात एकटी. बाकीची मंडळी घरून काम करायची. हिला घरी तरी कोण होतं? नवरा सुरतेला नोकरीला, फोनवर 'अगं'वर भागवणारा. आई होती तोवर दर रविवारी फोन यायचा, "रूपाली, जेवलीस का गं?" फाल्गुनात आई गेली आणि ते नाव घेणारं माणूसच उरलं नाही. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुलक्षणा' लिहिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, झालं! रूपालीला कुणी विचारलं होतं का? हल्ली तर ते नाव तिला स्वतःलाच परकं वाटू लागलं होतं, आणि याचंच तिला फार वाईट वाटे.

"काल दोन्ही पोर्ट नव्या प्रोग्रामच्या ताब्यात दिली ना," ती म्हणाली, "म्हणून यादीतून नाव गेलं. आता नुसता मशीनमधल्या खाचेचा नंबर दिसतो."

"म्हंजे सासरले गयात म्हना!"

ती हसली, जरा जास्तच हसली.

"त्यातलं एक रिकामं आहे. ते घटकाभर माघारी घेते. मग त्याचं जुनं नाव परत येईल, आणि त्या नावाने हुकूम दिला की त्याचा दिवा लुकलुकेल. तिथेच नवी वायर लावा."

"मंग बलाई ल्या तिले माहेरले! अक्का, तुमनं माहेरनं नाव काय शे?"

तिची बोटं थांबली. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"रूपाली," ती म्हणाली. रिकाम्या ऑफिसात ते जरा मोठ्यानेच ऐकू आलं.

तिने खाचेचा नंबर टाकून पोर्ट सोडवलं. पडद्यावर त्याचं नाव उमटलं. तिने दिव्याचा हुकूम दिला.

"लागना, लागना! रूपालीअक्का, डावा बाजूना दिवा लुकलुकी राह्यना. लावू का वायर?"

तिने फोन हातात घेऊन कानाशी घट्ट धरला.

"रूपालीअक्का? आयकू येस ना?"

आवाज अगदी स्वच्छ येत होता. 'हो' तिच्या ओठांवरच होतं. तरी ती गप्प राहिली; अजून एकदा हाक येऊ दे.