आक्का कुठली धरायची

नीलमला बेळगावच्या संशोधन केंद्रात पगार मिळायचा तो एकाच प्रश्नासाठी. विड्या वळणारी बाई विड्या वळत नसती, तर तिची छाती आज कशी असती? आता ती न वळणारी बाई आणायची कुठून? एकाच जन्मात दोन्ही करून बघता येत नाही. म्हणून तिच्यासारखीच दुसरी शोधायची, त्याच वयाची, तशाच घरातली, तसल्याच चुलीपुढे बसणारी, फक्त विड्या न वळणारी. मग दोघींना नळीत फुंकायला लावायचं आणि कुणाचा दम किती पुरतो ते बघायचं. निपाणी-बोरगावच्या गल्ल्यांतून तिच्या माणसांनी वर्षभर हेच केलं होतं.

उत्तर आलं ते भलतंच. विड्या वळणाऱ्यांचाच दम जास्त पुरत होता. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात घेऊन बायका ठणठणीत! तिचे वरिष्ठ श्रीनाथ सर खुर्चीत रेलून म्हणाले, "आकडे हे असे आहेत. त्यांच्याशी भांडायचं का आपण?" भांडायला नीलमकडे मुद्दा नव्हता, नुसता राग होता.

रागाला कारण होतं. तिची थोरली बहीण, आक्का, बोरगावला दिलेली. लग्न झाल्यापासून मांडीवर सूप घेऊन सासूबरोबर विड्या वळत आलेली. मूलबाळ नाही. तिला दम लागायला लागला तशी सासरच्यांनी तिला बेळगुंदीला, माहेरी आणून सोडलं. "बरी झाली की न्यायला येतो," असं दाजी म्हणाले होते. वाईट माणसं नव्हेत ती. सून अंथरुणाला टेकली की माहेरी धाडायची, ही तर घरोघरची रीत. पण आक्काला माहेर नको होतं. तिला तिचं घर हवं होतं, परसातला तिनं लावलेला कढीपत्ता हवा होता, आणि जेवताना ताटातून मान वर न करणारा तो नवरा. इतक्या मुक्या माणसासाठी इतकं झुरणारी बाई नीलमनं दुसरी पाहिली नव्हती.

शनिवारी ती बेळगुंदीला गेली. आक्का दारात बसून रस्त्याकडे बघत होती. नीलम शेजारी टेकली, सहज तिच्या पाठीवर हात ठेवला, तर आतली घरघर तळहाताला लागली. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आक्काला मोजलंय कुणी? बोरगावच्या घरी माणसं गेली तेव्हा आक्का तिथे नव्हती. बेळगुंदीला तर कुणी विचारायला आलंच नव्हतं. दम लागलेल्या सुना माहेरी गेल्या होत्या, मागे धडधाकट तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या जिवावर हे शहाणे तंबाखूला निर्दोष सोडत होते! त्या शहाण्यांत नीलमही आलीच.

सरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारायला परवानगी दिली. नवा प्रश्न साधा होता: आजारी पडून माहेरी गेलेली कुणी आहे का? गल्लीगल्लीतून नावं निघायला लागली. आक्काच्या सासरी खरं तर दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं. नीलमला राहवलं नाही, ती स्वतःच गेली.

आक्काची सासू, जयाबाई, पुढच्या सोप्यात विड्या वळत होत्या. नीलमनं इतर घरी विचारला तसाच प्रश्न विचारला.

"आमच्यात कोण न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "मी आन् माझा ल्योक ज्योतिबा, दोघंच."

"आन् आक्का?"

"ती आता तिकडचीच की गं."

दाजी आतून येऊन उंबऱ्यात थांबले. नीलम त्यांच्यावर तुटून पडली. "न्यायला येतो म्हणालता न्हवं, दाजी?"

दाजींनी आईच्या मांडीवरच्या सुपाकडे बघितलं. "हिथं धूळ हाय, नीलम. आई वळत्या तवा चूल पेटत्या. तिला आणून काय मारू व्हय?"

एवढं लांबलचक बोललेलं तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि ते खोटं नव्हतं. तेच सिद्ध करायला तर ती आली होती.

आक्कासकट माहेरी गेलेल्यांना शोधून त्यांचाही दम मोजला, त्यांना त्यांच्या सासरच्या गावातल्या विड्या वळणाऱ्यांत धरलं, आणि आकडे फिरले. तंबाखूच्या धुळीनंच छाती जात होती. सरांनी सगळ्यांसमोर नीलमची पाठ थोपटली. ती मात्र तिथून निघाली ती थेट बेळगुंदीच्या बसमध्ये बसली.

आक्कानं एकच विचारलं, "तुझ्या हिशेबात मला कुठली धरलीस गं?"

"बोरगावची."

आक्काचा चेहरा असा उजळला की नीलमला बघवेना. "म्हंजे त्यास्नी विचारलंस? व्हय म्हणाले?" ती उठलीसुद्धा, दोरीवरचं लुगडं काढून घड्या घालायला लागली.

"आक्का, बस. त्यांनी न्हाय, मी धरली." मग नीलमनं तिला सगळं सांगितलं. धूळ काय करते, दाजी काय म्हणाले आणि ते का बरोबर आहे, तेसुद्धा. परक्या लोकांपुढे ती हेच किती ठासून सांगत असे. इथे ती प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा सुरू करत होती.

आक्कानं सगळं नीट ऐकलं. घडी घातलेलं लुगडं छातीशी धरून ती म्हणाली, "तोंडाला पदर बांधून ऱ्हाईन की गं मी."